बागेतला लाल कोळी, गोठ्यातला गोचीड आणि एकच बाटली

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तीन एकर थॉमसन, छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली, मण्यात पाणी उतरायला लागलंय, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागलेत. शिवाररस्त्याकडच्या ओळींत पानं आधी फिकट झाली, मग तांबूस-करडी, आता खालून जाळीही दिसते. पंधरा दिवसांत तीन फवारण्या झाल्या. प्रत्येक फवारणीनंतर चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. घरी दोन एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गायी आहेत आणि त्यांना गोचीड झाले आहेत. "लाल कोळी आणि गोचीड एकाच जातीचे असतात असं ऐकलं. मग बागेतली उरलेली बाटली गायींना चालेल का? आणि मुळात कोळी मरत का नाही?"

आधी गायीचं सांगतो, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. भाऊ, बागेतली बाटली गायीला लावायची नाही. पातळ करून नाही, फडक्याने पुसून नाही, शेपटीच्या मुळाशी "थोडंसंच" लावूनही नाही. कीटकनाशक अंगावर ओतल्यामुळे लाळ गाळत, थरथरत पडलेली जनावरं मी पाहिली आहेत. तसं झालं तर पहिल्या तासाभरात डॉक्टर पोचला तर ठीक, नाहीतर लाखाची गाय हातची जाते. डिझेल आणि इंजिनचं जळकं तेलही त्यातच धरा.

पण तुमचा अंदाज अगदीच वेडा नाही, उलट हुशारीचा आहे. कोळी आणि गोचीड खरोखर एकाच गोतावळ्यातले. दोघंही कीटक नाहीत. कीटकाला सहा पाय, डोकं-छाती-पोट असे तीन भाग, बहुतेकांना पंख. यांना मोठेपणी आठ पाय, सगळं अंग एकाच पिशवीसारखं, पंखांचा प्रश्नच नाही. विंचू आणि जाळी विणणारा खरा कोळी हे यांचे चुलत भाऊ. लाल कोळ्यासारख्या बारीक जिवाला इंग्रजीत माइट म्हणतात. आपण माइटला "कोळी" म्हणतो त्यामुळे गोंधळ होतो. कोपऱ्यात जाळं करून बसलेला खरा कोळी तुमच्या बागेत फुकटची रोजंदारी करतो, त्याला मारू नका. या आठ पायांच्या बारीक मंडळींच्या अभ्यासाला ॲकॅरॉलॉजी म्हणतात. आजवर नोंदलेल्या जाती ५० हजारांवर आहेत, त्यातले गोचीड जेमतेम ९००. बाकीचे मातीत, पानांवर, धान्यात, गादीत, पक्ष्यांच्या पिसांत. खरूज होते तीही एका माइटमुळेच.

आणि आठ पायांच्या नियमालाही अपवाद आहेच. तुरीवर वांझ रोग येतो ना, झाड हिरवंगार, पण फूल-शेंग नाही? त्याचा विषाणू नेणारा माइट नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. लांबुडका, गाजराच्या आकाराचा, आणि पाय चारच. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा माझा नमुना तुटलाय असंच मला वाटलं होतं.

औषधांचंही नातं आहे. बागेत मारता ते अबामेक्टिन आणि जनावरांचा डॉक्टर टोचतो ते आयव्हरमेक्टिन ही एकाच घराण्यातली. जपानच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून दोन्ही आली, आणि त्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण बागेच्या बाटलीत नुसतं औषध नसतं. ते पाण्यात मिसळावं म्हणून घातलेली द्रावकं असतात, आणि ती पानासाठी असतात, कातडीसाठी किंवा गायीच्या जिभेसाठी नाहीत. गाय अंग चाटते हे विसरू नका. आयव्हरमेक्टिनसुद्धा दुभत्या गायीला मनाने टोचून घेऊ नका, ते दुधात उतरतं.

आता कोळी मरत का नाही.

तुम्ही तिन्ही बाटल्यांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. समोरचं मोठं नाव सोडा, बाजूचं बारीक अक्षर वाचा. पहिल्या बाटलीत अबामेक्टिन. दुसरीचं नाव वेगळं, कंपनी वेगळी, डबीचा रंग वेगळा, आत पुन्हा अबामेक्टिन. म्हणजे "औषध बदललं" असं तुम्हाला वाटलं, कोळ्याच्या हिशेबाने तुम्ही काहीच बदललं नव्हतं. तिसरी "थ्रिप्स आणि कोळी दोन्हीला चालेल" म्हणून मिळालेली (थ्रिप्स म्हणजे बारीक फुलकिडे), ती सिंथेटिक पायरेथ्रॉइड आहे, म्हणजे चांगले-वाईट सगळेच किडे मारणारं कीटकनाशक. तुमच्या बागेचं खरं नुकसान तिने केलं असं माझं मत आहे, आणि ते मी का म्हणतो ते जरा सावकाश सांगतो.

एक पान घ्या. रस्त्याकडच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीतलं, घडाजवळचं, जुनं. उलटं करा आणि दहापट भिंगाखाली देठाकडून मधल्या शिरेवर नजर फिरवा. (भिंग सराफाचं असतं तसलं, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. एका फवारणीच्या खर्चात अख्ख्या गल्लीला पुरतील इतकी भिंगं येतात.) शिरेच्या दोन्ही बाजूंना जाळीचे धागे, त्यात अडकलेली धूळ. धुळीत पांढरी टरफलं: ती कात आहे, मेलेले कोळी नव्हेत. टरफलं पाहून "औषध लागू पडलं" म्हणणारे मी खूप पाहिले. मग अगदी गोल, काचेच्या मण्यासारखी अंडी. नुकतीच घातलेली पारदर्शक, फुटायला आली की गव्हाळ. खसखशीचा एक दाणा घ्या आणि त्याचे आडवे सात-आठ भाग पाडा, एका भागाएवढं एक अंडं. त्यांच्याभोवती सहा पायांची पिल्लं, आठ पायांची मोठी पिल्लं, आणि अर्ध्या मिलिमीटरची मादी, अंगावर दोन काळपट ठिपके. काही जण पाय ताणून निपचित पडलेले दिसतील. तेही मेलेले नाहीत. एका अवस्थेतून दुसरीत जाताना कोळी असा थांबतो, कात टाकतो आणि पुढे चालू लागतो.

हा दोन ठिपक्यांचा कोळी. कार्ल लुडविग कोख या जर्मन अभ्यासकाने १८३६ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. गुलाब, वांगी, भेंडी, टोमॅटो, एरंड, गाजरगवत, जे मिळेल त्यावर तो जगतो. २०११ साली त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा कळलं की विषं पचवणारी यंत्रणा त्याच्याकडे भरपूर आहे. शेकडो वनस्पतींची निरनिराळी विषं पचवत आलेल्या प्राण्याला आपली फवारणी म्हणजे अजून एक झाड. जगभरात ९० हून जास्त रसायनांना या एका जातीने दाद न दिल्याची नोंद आहे.

शिवाय याची वंशवेल बघा. मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते, त्यातून फक्त नर निघतात. नर भेटला की मादी-पिल्लं जास्त. औषधाला न दबणारी एक मादी एखाद्या पानावर एकटी उरली तरी ती आधी मुलगे जन्माला घालते आणि मग त्यांच्याशीच घरोबा करून कुळ वाढवते. आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी. तीस अंशांच्या आसपास तापमान असेल तर अंड्यापासून अंडं घालणाऱ्या मादीपर्यंत साधारण आठ-दहा दिवस. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी होतो तेव्हा हेच चक्र रेंगाळतं, म्हणून तेव्हा कोळी "नाही" असं वाटतं. तो असतो. फेब्रुवारीत दुपारं तापू लागली की तोच हिशेब धावायला लागतो, आणि नेमकी तीच वेळ तुमच्या मण्यात साखर भरण्याची. पान कामाचं राहिलं नाही तर साखर कुठून येणार? मणी फुगतो, गोडी येत नाही, पुढे पानगळ होऊन घडाला चटका बसतो.

आता तुमचं वेळापत्रक यावर ठेवून बघा. अबामेक्टिन चालते-फिरते कोळी मारतं, अंड्यांना फारसं काही करत नाही. चार दिवस बरं वाटतं ते त्यामुळे, कारण चालणारे गेले. पाचव्या-सहाव्या दिवशी अंडी फुटतात. शिवाय हे औषध पानाच्या आत उतरून काम करतं, आणि पाणी उतरण्याच्या वेळची पानं जून, कडक, धुळीने माखलेली. कोवळ्या पानात ते जसं मुरतं तसं या पानात मुरत नाही. छाटणीनंतर चाळिसाव्या दिवशी ज्या औषधाने कमाल केली तेच शंभराव्या दिवशी नरम पडतं याचं कारण बहुधा भेसळ नसते, पान असतं.

आणि तिसरी फवारणी. द्राक्षबागेत कोळ्याला खाणारेही कोळीच असतात. पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे, चकचकीत, फिकट ते लालसर, आणि पळण्यात तरबेज. भिंगाखाली ओळखायची माझी खूण सोपी आहे: जो रेंगाळत चालतो तो पीक खाणारा, जो घाईत आहे तो त्याला खाणारा. त्यांची अंडीही वेगळी, लांबट, थोडी मोठी. जोडीला टाचणीच्या डोक्याएवढा काळा ढालकिडा असतो, नुसते कोळी खाणारा. आणि पंखांवर ठिपके असलेला एक थ्रिप्ससुद्धा. हो, थ्रिप्स! सगळे थ्रिप्स तुमचे वैरी नाहीत. पायरेथ्रॉइड ही सगळी फौज एका दिवसात झोपवतं. लाल कोळी मात्र जाळीखाली, पानाच्या पाठीमागे बऱ्यापैकी सुरक्षित. उलट औषधाने चाळवून तो पसरतो, नव्या पानांवर जातो. काही वेळा इमिडाक्लोप्रिड या दुसऱ्या कीटकनाशकानंतरही कोळी वाढल्याचं दिसतं. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हा कोळी फळबागांतला किरकोळ पाहुणा होता; डीडीटीच्या फवारण्या सुरू झाल्यावर तो जगभर डोकेदुखी झाला. राखणदार मारून चोर पोसल्याचं याहून ठळक उदाहरण माझ्या माहितीत नाही.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी दिंडोरीकडच्या एका बागेत थ्रिप्ससाठी मीच दहा दिवसांत दोनदा पायरेथ्रॉइड लिहून दिलं होतं. थ्रिप्स गेले. तीन आठवड्यांनी बाग विटकरी दिसू लागली. बांधावर एक गावठी गुलाब होता, त्याला कुणी कधी फवारलं नव्हतं. त्याच्या पानांवर कोळी होते, पण मोजके, आणि दर पानावर दोन-तीन ते घाईतले थेंब. बागेत एकही नाही. त्या शेतकऱ्याने मला काही बोल लावला नाही, चहा पाजला. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

तर आता करायचं काय. आधी फवारणी थांबवा आणि बघा. रस्त्याकडून आत जात दहा ठिकाणची दहा-दहा पानं उलटी करून मोजा, किती पानांवर जिवंत कोळी आहेत. भिंग मिळेपर्यंत पांढऱ्या कागदावर पान झटका. ठिपके चालू लागले तर बोटाने पुसा, लाल-हिरवी रेघ उमटली की कोळी. बहुतेक बागांत त्रास रस्त्याकडच्या पाच-सात ओळींतच एकवटलेला असतो, कारण धूळ. धुळीत कोळ्याला आडोसा मिळतो आणि त्याला खाणाऱ्यांना ती सोसत नाही. तसं असेल तर तीन एकर फवारायचं कारण नाही. रस्त्यावर पाणी मारा, तेवढ्या ओळी साध्या पाण्याने खालून दाबाने धुवा. जाळी फाटली की पुढच्या औषधाला वाट मिळते. हे सकाळी करा, म्हणजे उन्हं चढेपर्यंत घड सुकतील. मण्यात पाणी उतरल्यावर संध्याकाळी बाग ओली ठेवली तर मणी तडकण्याची आणि कुजण्याची भीती. ज्या ओळींना पाण्याचा ताण आहे तिथे कोळी आधी आणि जास्त येतो, तेव्हा ड्रीपच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचतंय ना तेही पाहा.

बांधावरचं गाजरगवत आत्ता उपटू नका. त्यावर कोळी असतील तर गवत सुकताच ते सगळे बिऱ्हाड उचलून वेलीवर येतील. ते काम छाटणीआधीचं. विरळणीची, पानं काढण्याची माणसं आधी चांगल्या ओळींत पाठवा, लागलेल्या ओळी शेवटी. कोळी वाऱ्यावर धाग्याने जातो तसा सदऱ्याच्या बाहीवरही जातो.

औषध घ्यायचंच ठरलं तर घटक बदला, नाव नव्हे. हेक्सीथायाझॉक्स आणि इटॉक्झाझोल अंडी-पिल्लांवर काम करतात. मोठी मादी मरत नाही, पण ती घालते ती अंडी फुटत नाहीत. म्हणून दोन दिवसांत परिणाम दिसत नाही आणि "बोगस" म्हणून दुकानात परत जातात. बायफेनाझेट, फेनपायरोक्झिमेट, स्पायरोमेसिफेन यांची काम करण्याची रीत प्रत्येकाची वेगळी. एक घटक हंगामात एकदाच, फार तर दोनदा. गंधक जुनं आणि अजूनही खरं, भुरीलाही चालतं, पण तापल्या दुपारी मारलं तर पानं आणि मणी भाजतात. पायरेथ्रॉइड यापुढे या हंगामात नको.

पण आता काढणीला महिना-सव्वा महिना उरला आहे, तेव्हा या यादीतलं काय चालेल हे मी इथून सांगणार नाही, आणि दुकानदाराने सांगितलं तर तेही मानू नका. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची दर हंगामाची यादी असते, आपल्याकडे सगळे तिला "ॲनेक्श्चर पाच" म्हणतात. घटक त्यात आहे का आणि काढणीपूर्व किती दिवस दिलेत, हे उघडून बघा. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. नाशिकमध्ये ज्यांनी तो हंगाम भोगला त्यांना वेगळं सांगायला नको. माल स्थानिक बाजारात जाणार असला तरी तो कुणीतरी खाणारच आहे.

आणि फवारणी पोचते कुठे ते तपासा. पिवळे कागद मिळतात, थेंब पडला की निळे होतात. दहा-बारा कागद पानाच्या खालच्या बाजूला, मांडवाच्या मधल्या थरात टाचून ब्लोअर फिरवा, औषध न घालता, नुसतं पाणी. मी हे जिथे जिथे केलं तिथे निम्म्याहून जास्त मालक गप्प झाले. वरचा थर निळा, मधला पिवळाधमक. ट्रॅक्टर एक गिअर खाली घेतला आणि नोझलचा कोन बदलला की बराच फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

गोठ्याकडे वळतो. इथेही चूक तीच होते: आपण गायीवर मारतो आणि गोचीड दुसरीकडे असतो.

आपल्याकडे गायींवर मुख्यतः दोन प्रकारचे गोचीड येतात. एक निळसर-करडा, जन्मभर एकाच गायीवर राहणारा. मादी रक्त पिऊन टम्म फुगते, गळून पडते, गव्हाणीखालच्या कचऱ्यात दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. फुगलेली मादी हुबेहूब एरंडाच्या बीसारखी दिसते. लॅटिनमध्ये गोचिडाला आणि एरंडाला एकच शब्द आहे, रिसिनस, तो उगीच नाही. अंड्यांतून सहा पायांची बारीक पिल्लं निघतात, गवताच्या टोकावर चढून पुढचे पाय हवेत पसरून वाट बघतात. त्या पायांवर एक खड्डा असतो, त्यातून त्यांना जनावराच्या श्वासाचा आणि घामाचा सुगावा लागतो. त्यांना डोळे असोत नसोत, गाय येतेय हे कळतं.

दुसरा हायलोमा: लांब पायांचा, पायांवर फिकट पट्टे, चपळ. हा पोट भरलं की उतरतो, भिंतीच्या फटीत शिरतो, कात टाकतो आणि पुन्हा येतो. रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन गोठ्यात जा. दगडामातीच्या भिंतीतल्या सांध्यांत, कौलाखालच्या वाशाला, दाव्याच्या खुंट्याभोवती बघा. दिवसा गायीवर वीस दिसले असतील तर भिंतीत किती आहेत ते बघून तुम्हाला झोप लागणार नाही. हाच तुमच्या एचएफला महागात पडणारा. याच्या लाळेतून थायलेरिया हा रक्तातला सूक्ष्म परजीवी जातो, त्याच्या रोगाला गावात गोचीडताप म्हणतात: ताप चढतो आणि उतरत नाही, खांद्यापुढची गाठ सुजते, डोळ्यांची आतली त्वचा पांढरी पडते, दूध आटतं. लघवी कॉफीसारखी झाली तर तो बबेसिया, तसाच रक्तातला परजीवी, पण त्या पहिल्या निळसर-करड्या गोचिडाकडून आलेला. दोन्हीत वाट बघायची नसते. गावठी गाय यातून बहुतेक वेळा निभावते, संकरित गाय ढासळते. थायलेरियाची लस आहे. तुमच्या डॉक्टरांना रक्षावॅक-टी बद्दल विचारा.

इथे एक अभिमानाची गोष्ट आमच्या शास्त्राची. किडा-मुंगीसारखा प्राणी चावून सूक्ष्मजंतूचा रोग पसरवू शकतो, हे ठामपणे सिद्ध झालं ते आधी डासावर नव्हे, गोचिडावर. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली अमेरिकेतल्या गुरांच्या तापाबद्दल ते दाखवलं. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासात मलेरियाचा जंतू सापडला तो १८९७ ला.

उपाय भिंतीपासून सुरू करा. फटी सिमेंटने बुजवा, चुना मारा, गव्हाणीखालचा जुना कचरा काढून लांब खड्ड्यात टाका. मग गायीसाठी डॉक्टर लिहून देतील ते, जनावरांसाठी म्हणूनच मिळणारं डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ किंवा पाठीवर ओतायचं फ्लुमेथ्रिन, सांगितलेल्या प्रमाणातच. सगळ्या जनावरांना एकाच दिवशी, वासराला आणि शेजारच्या दावणीलाही. कानाच्या आत, कासेच्या बेचक्यात, शेपटीखाली हात पोचला पाहिजे. म्हणतात ना, गोचीड सडाशी बसूनही रक्तच पितो. एकदा करून भागत नाही, कारण भिंतीतली अंडी पुन्हा फुटणार, तेव्हा पुढची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्या. गोठ्यात चार गावठी कोंबड्या सोडता आल्या तर सोडा, त्या गोचीड टिपतात. फक्त त्या बागेच्या फवारणीच्या दिवशी खुराड्यात ठेवा.

एक सवय मात्र आजच सोडा. गायीचा गोचीड उपटून अंगठ्याच्या नखाने चिरडायचा, नाहीतर दगडावर ठेवून ठेचायचा, ही आपल्या सगळ्यांची लहानपणची सवय. हायलोमा गोचीड माणसाला होणाऱ्या जीवघेण्या क्रायमियन-काँगो तापाचा विषाणू वाहू शकतो. २०११ च्या जानेवारीत गुजरातेत त्याचे भारतातले पहिले रुग्ण नक्की झाले, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ते ओळखले. सिंधुदुर्गातला माकडताप वेगळा, तो जंगलातल्या दुसऱ्या गोचिडाचा. निफाडच्या गोठ्यात त्याची भीती धरायचं कारण नाही. पण हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा, गोचीड काढून रॉकेलच्या बाटलीत टाका. आणि तुमच्या अंगाला चिकटला तर त्याला रॉकेल, काडी, तंबाखू काही लावू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिरगाळू नका, साबणाने धुवा, पुढचे दोन आठवडे ताप येतो का बघा. आला तर डॉक्टरला "गोचीड चावला होता" हे आपणहून सांगा, ते बहुतेकदा विचारत नाहीत.

मोजणी झाली की आकडे कळवा, आणि जमलं तर पानंही पाठवा. देठासकट खुडा, वर्तमानपत्रात गुंडाळून कागदी पाकिटात घाला, वर ओळ क्रमांक आणि "रस्त्याकडची" की "मधली" ते लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. तिच्यात पानाला घाम सुटतो आणि माझ्या टेबलावर पोचेपर्यंत नुसता लगदा उरतो, त्यात कोण रेंगाळत होता आणि कोण घाईत होता ते कळत नाही.